झालंय, व्हायचंय

मंगळवारी प्रार्थनासभा सुटली की
शरणपूरला आमच्या ओट्यावर
जगाचा शेवट व्हायचा,
साधारण साडेआठला, चहानंतर.

बाबा म्हणत, होऊन गेला.
सत्तर साली.
(आम्ही पोरं समजायचो
थोरल्या आत्याचं लग्न झालं ते सत्तर.)
मंदिर जळालं, दगडावर दगड उरला नाही.
'ही पिढी' म्हटलं ना, मग तीच पिढी,
समोर उभी होती ती,
पायांना धूळ लागलेली.
प्रभू काय उधारी ठेवणारा आहे, अलीशा?

अलीशामामा नाशिकरोडच्या नोट प्रेसमधला.
दिवसभर छापील वचनं मोजून आलेला माणूस.
धारकाला अदा करीन, असं नोटेवर असतंच, दाजी,
म्हणून अदा झालं का?
कागद हातात असतो, देणं पुढेच असतं.
त्याच्या कपाटात एक पिशवी कायम भरलेली:
स्वेटर, जादा चष्मा, खारे शेंगदाणे.
ढगांवर भूक लागते का, विचारलं
तर म्हणाला, वाटेत लागते.

आई कपबशा उचलत म्हणायची,
तुमचा शेवट झाला असेल तर
दार लावून घेते,
मांजर येतं.

मोठा पूर आला त्या वर्षी
मला घेऊन दोघं होळकर पुलावर गेले.
लोक नेहमीसारखं पाणी मोजत होते
दुतोंड्या मारुतीवर:
कमरेला लागलं, छातीला लागलं.
चिन्हं, मामा पुटपुटला.
अरे, मागच्या खेपेला गळ्यापर्यंत होतं, बाबा म्हणाले.
मारुती एका तोंडाने येणारं पाणी बघत होता,
दुसऱ्याने गेलेलं.
येताना दोघंही गप्प.
भजी घेतली.
पैसे मामाने दिले, कोऱ्या नोटेने.

बाबा गेले फेब्रुवारीत, द्राक्षं उतरायच्या दिवसांत.
वहीच्या शेवटच्या पानावर:
पेटी साधी.
बोलायचं पाळकसाहेबांनी, अलीशाने नाही.
पाय पूर्वेला.

मामाने ती शेवटची ओळ दोनदा वाचली.
पाय पूर्वेला म्हणजे
उठलं की तोंड उगवतीकडे,
येणाऱ्याकडे.
जिंकल्याचं काहीच नव्हतं त्याच्या चेहऱ्यावर.
चपला काढून तो खड्ड्याच्या कडेला बसला
आणि डोळे बारीक करून
सूर्य कुठे आहे ते बघत राहिला,
मग खणणाऱ्याला म्हणाला,
अजून थोडं डावीकडे.

मंगळवारी येतो अजून.
समोरची खुर्ची कुणी हलवलेली नाही.
मी विचारते, मामा, मग कधी?
तर बाबांसारखा खाकरून सुरू करतो:
पिढी म्हणजे पिढीच, दुसरा अर्थ काढू नकोस,
रोमी सैन्य, वेढा, उपासमार,
जे डोंगरांकडे पळाले ते वाचले, सगळं झालंय.
इतकं बिनतोड मांडतो
की स्वतःची पाळी येते तेव्हा
त्याला काही सुचत नाही.

चहा निवतो.
नऊ वाजून जातात.
आई दार लावत नाही.