मामा हूहू

मकरपुऱ्यात, जेवणाच्या सुट्टीत,
लेथच्या पेटीवर पुस्तक टेकवून
चिनी म्हणी पाठ करतोय.
बैलापुढे वीणा वाजवणे.
खाली इंग्रजी अर्थ : व्यर्थ श्रम.
समासात माझी पेन्सिल : गाढवापुढे वाचली गीता.
मधली ओळ तेवढी झाडलेली,
शेण नाही, खूर नाही.

मामा हूहू. यात मामा कुणी नाही,
घोडा घोडा वाघ वाघ, म्हणजे बरंय.
निंगबोचा होउ फोनवर विचारतो, मशीन कसं?
मी तेच म्हणतो. तो खूप हसतो
आणि सुट्या भागांचं बिल पाठवतो.

रात्री दांडिया बाजारात, खानावळीत,
शिर्केकाकू वाढता वाढता :
नोकरी कशी रे?
चाले छे, म्हणतो.
त्या पुढचं विचारत नाहीत.
ताटात आणखी एक पोळी पडते,
तूप लावून.