सहावा पडदा

तिसऱ्या पडद्यावर पहिलं बोट,
त्याच तारेवर सहाव्यावर करंगळी.
मधले दोन पडदे ओलांडायचे,
जशी मांडवीच्या खाडीत दोन होड्यांमधली फट ओलांडतात,
एका हातात साडी धरून, खाली न बघता.
पुढच्या तारेवर पाचवा.
त्याच्या पुढच्या तारेवर पुन्हा पाचवा, म्हणजे
निघालो तोच सूर, एक मजला वर.
आणि त्याच जिन्यानं परत.

जी मायनर.

बस्त्याव समोर स्टुलावर, विझलेली विडी हातात.
"घाई कित्याक, बाय? होडी बंदराक लागली
तरी दोर बांधूक वेळ लागताच."

मी त्रेचाळीस वर्षांची. वेंगुर्ल्याच्या बर्फ कारखान्यात पावत्या फाडते,
लाद्या किती, ट्रॉलर कुठला, उधारी कोणाच्या नावावर.
डाव्या करंगळीला आजवर एकच काम होतं,
पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडू नये
म्हणून टेबलावर टेकून बसायचं.
आता तिलाच जाड तार दाबायला सांगितलीय
तर ती थरथरते, निसटते,
सुराऐवजी नुसता लाकडाचा ठोका.

"म्हणजे हा कोमल गंधार," मी म्हटलं. शाळेत दोन वर्षं पेटी शिकले होते.
"तुमचो कोमल, आमचो मायनर," बस्त्याव म्हणाला,
"दुखता तितकोच."

गिटार त्याचीच. लग्नाच्या बँडात वीस वर्षं वाजली.
मग ट्रम्पेटवाला कुवेतला गेला,
ड्रमवाल्यानं पोल्ट्री काढली,
आणि गिटार माळ्यावर, सुंगटांच्या जाळ्याखाली.
तारा खाऱ्या हवेनं तांबूस झालेल्या.
त्यानं सांगितलं तशा मी त्या उकळल्या,
घरात तेवढा मोठा टोप एकच, पेजेचा.
दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, आज पेजेला
खिळ्याची चव आहे.
मी म्हटलं, तांदूळ नवा आहे.

अँप नाही. रात्री जेवणं झाली की
गिटारीचं डोकं माहेरच्या कपाटाला टेकवते
आणि अख्खं सागवान पोटातून बोलायला लागतं.
पण सहाव्या पडद्यावर, फक्त तिथेच,
आत काहीतरी किणकिणतं.
साड्या काढल्या, बँकेच्या फायली काढल्या,
तळाशी बाबांच्या दुकानातली वजनं निघाली.
पन्नास ग्रॅमचं वजन दोनशेवर कलतं ठेवलेलं.
सोलं मोजताना ते पन्नासचं पारड्यात टाकत
आणि गिऱ्हाईक वळलं की वर चार सोलं जास्तीची.
वजन रुमालात गुंडाळलं.
सूर स्वच्छ आला. अगदी स्वच्छ.
दोन रात्री तसा वाजवला.
तिसऱ्या रात्री रुमाल सोडला.

मग रात्रपाळी लागली, गिटार कारखान्यात नेली.
तिथला कंप्रेसर दिवसरात्र एकच सूर धरून असतो,
बस्त्यावच्या मते जी.
मी त्याला लावून तार घेतली
आणि तासभर वरखाली, वरखाली,
तिसरा, सहावा, पाचवा, पाचवा.
इतकी मोठी साथ मला कोणी दिली नव्हती.
वाटलं, जमलं.

पावणेबाराला वीज गेली.
एवढी शांतता की लाद्यांना तडे जाताना ऐकू येत होतं.
अंधारात मोबाईलवर सूर तपासला. काटा उजवीकडे कललेला.
मशीन चढं होतं, आणि त्याच्या जोडीनं मीही,
कितीतरी दिवस.
खुंटी केसभर ढिली केली.
अंधारात चारही सूर एकदा वाजवले.
करंगळीनं धरून ठेवलं.

वीज आली. कंप्रेसर घुमला, त्याच्या जुन्याच जागी.
मी माझ्या जागेवरून वाजवलं
आणि दोघांच्या मधल्या त्या चिमूटभर अंतरात
हवा हेलकावायला लागली,
खांबाला बांधलेल्या होडीसारखी.

खिडकीवर टकटक. ओला हात, पेडव्यांचा वास.
"वयनी, धा लाद्ये. आनि ता काय वाजता आत?"
"मशीन," मी म्हटलं.
पावती लिहिली,
कागद डाव्या हातानं दाबून,
करंगळी तेवढी वर उचलून.