धार

परुळकर म्हणतात, थकण्याआधी थांबायचं.
थकल्यावर थांबतो तो थांबत नाही, कोसळतो.
त्यांच्या गळ्यात शिट्टी, मनगटावर घड्याळ,
पाऊण तासाला पाच मिनिटं,
उभ्यानं पाणी, उभ्यानं दोन खजूर.
बसायचं नाही. बसलं की मांड्यांचं लाकूड होतं.

आम्ही सात जण. मुलुंड चेकनाक्याहून पावणेपाचला,
कुलाब्याला जाऊन परत.
मी सगळ्यांत शेवटी,
आणि माझा डावा गुडघा माझ्याही मागे.

तरी विक्रोळीला मी उतू जात होते.
गार हवा, मोकळा रस्ता, कुत्रीसुद्धा झोपलेली,
एकवीसचा वेग, मग तेवीसचा,
वाटलं, चोपन्न वर्षं उगाचच
हळू चालले मी.
परुळकर शेजारी आले. म्हणाले,
कुंदाताई, हा वेग उसना आहे.
कुणाकडून घेतलाय ते परतताना कळेल.

परतताना दादर टीटीला कळलं.
ऊन खांद्यावर बसलेलं, बसचा धूर तोंडावर,
गुडघ्यात कुणीतरी
बारीक वाळू चाळत होतं.
पुढे व्हा, म्हटलं. शिट्टी लांब गेली.
मी उजवीकडे वळले, पाच उद्यानांच्या सावलीत,
आणि बसले.
हो, बसले. चांगली पाय पसरून.

समोरच्या फाटकात एक सायकल,
स्टँडवर चढवलेली, मागचं चाक अधांतरी.
सीटवर एक म्हातारा, पायडल मारतोय,
कुठंच जात नाही.
पट्टा फिरतो, दांडीवरचा दगड फिरतो,
सुरीच्या टोकातून ठिणग्या
त्याच्या सदऱ्यावर पडून विझतात.

फळं कापायचा माझा चाकू दिला त्याला.
नाव दस्तगीर शिकलगार, मूळचे मिरजेकडचे,
रोज धारावीहून माटुंगा, वडाळा, कधी परळ.
विचारलं, दिवसाला किती किलोमीटर होतात?
म्हणाले, उभ्या सायकलीचे धरू का?

मग विश्रांती कधी घेता?

ही बिल्डिंग झाली की.
पुढच्या फाटकापर्यंत
नुसती सायकल तर चालवायची असते.

मी हसले. ते हसले नाहीत, हिशेब सांगत होते.

चाकू दगडाला लावत, उचलत. लावत, उचलत.
मी म्हटलं, एकदाच दाबून धरा ना, लवकर होईल.
त्यांनी पायडल न थांबवता
डब्यातून एक जुनं पातं काढून दाखवलं,
कडेनं निळं पडलेलं, मोरपिसासारखं.
दाबलेलं आहे हे, म्हणाले. माझंच काम, पोरवयातलं.
दिसतं छान.
टोमॅटोसुद्धा कापत नाही.

पंधरा रुपये झाले. माझ्याकडे दोनशेची नोट,
अडीअडचणीला सीटच्या नळीत गुंडाळून ठेवलेली,
ती निघता निघेना.
राहू द्या, पुढच्या खेपेला द्या, म्हणाले.
मग मी उरलेले चार खजूर पुढे केले.
त्यांनी दोन घेतले,
सायकलवरून उतरले, कठड्यावर टेकले
आणि बसून खाल्ले,
बिया पुडीत बांधून खिशात ठेवल्या.
आम्ही दोघं काहीच बोललो नाही.
वर कुणीतरी गच्चीत गालिचा झटकत होतं.

निघाले तेव्हा सव्वादहा.
शीवच्या चढावर सगळ्यांत हलका गिअर,
बारा पायडल मारायचे, तीन सोडायचे,
चाक आपलं आपण फिरत राहतं तेवढा वेळ,
कट कट कट करत.
एक पाववाला रिकाम्या टोपलीनं पुढे गेला.
जाऊ दे.
वाळू अजून होती, पण चाळत नव्हती कुणी.

घाटकोपरला परुळकरांचा फोन.
कुठं आहात? आम्ही घरी पोचून आंघोळी केल्या.
मी पुलाखाली उभी होते, म्हणजे बसले होते.
म्हटलं, जरा उचललंय.
काय उचललंय?
लावते आता, म्हटलं,
आणि चाकूनं पेरू चिरला.
बीसुद्धा दोन झाली.