पिवळ्याची किंमत

समुद्रपूरला समुद्र नाही,
तशी माझ्या पडद्यावर बारा वर्षं
सावली नव्हती,
नुसता काळोख होता.

जाम चौरस्त्यावरून नागपूरची गाडी धरली.
सीताबर्डीत दुकानातल्या पोराने
काचेवरून बोट फिरवत सांगितलं,
एक लाख बासष्ट हजार, काका, वरती बॅग फ्री.
तेवढंच काम करणारं दुसरं
चौपन्न हजारात शेजारीच बसलं होतं,
जाडजूड, गरीब चेहऱ्याचं,
आमच्यापैकी वाटावं असं.
मी महागडं उचललं. का, ते विचारू नका.
एसटीत वरच्या फळीवर ठेवलं नाही,
मांडीवर घेऊन आलो.
शेजारची बाई म्हणाली,
"काय हाय जी, मूर्ती?"

गुणवंत झाडे, लेथवाला, समोरून ओरडला,
"एवढ्यात तं म्हैस आली असती बे,
अन् दुधावर दुसरा कॉम्प्युटर."
मी म्हटलं, म्हशीवर व्हिडिओ मिक्सिंग होत नाही.
हसलो दोघंही.
पण रात्री मी म्हशीचा हिशोब
खरंच करून पाहिला.

फायदे सांगतो, खोटं कशाला.
मे महिन्यात, सेहेचाळीस डिग्रीत, जुनं मशीन
जिनिंगच्या रुईने पंखा भरून घोरायचं,
एका लग्नाला अख्खी रात्र घ्यायचं
आणि पहाटे, वरातीच्या ऐन मध्यात, बसकण मारायचं.
हे नवं, माझी पोह्याची प्लेट संपेस्तोवर
आठशे माणसं जेवू घालून मोकळं.
पण लग्नाचे मला मिळतात तेवढेच.
वाचलेला वेळ गिऱ्हाइकानेच नेला:
"आता लवकर होते ना तुमचं, मंग उद्याच द्या."

आणि रंग.
वायगावची हळद आयुष्यभर पाहिली,
पोत्यात, ओंजळीत, अंगावर.
पडद्यावर कधीच नाही.
जुना पडदा तिचं लिंबू करायचा,
मी अंदाजाने तांबूस मिसळायचो,
चेहरे मळकट वाटायचे, म्हणून उजेड वाढवायचो.
नव्यावर जुनी लग्नं उघडली
आणि खुर्चीत बसूनच राहिलो.
नंदोरी, गिरड, मांडगाव, कोरा,
एवढ्या गावांच्या नवऱ्या मी
खडूसारख्या करून परत दिल्या होत्या.
कोणी तक्रार केली नाही.
दोघींनी तर पेढे आणले होते.

बहिणीची हळदही उघडली.
मागे सपरीच्या दाराशी जो काळा चौकोन होता
त्यातून लुगड्याचा काठ निघाला,
मग हात,
मग आई.
डोळे भरलेले वगैरे नाहीत. वैतागलेली,
कोणीतरी हळदीची वाटी पळवली म्हणून.
ती फाईल मी शंभरदा पाहिली असेल.

नलूला हाक मारली.
पिठाचे हात तसेच घेऊन ती आली, वाकली.
"आत्याबाई हायेत. मले माहीत होतं.
वाटी मीच नेली होती."

पाच तारखेला हप्ता जातो, सात हजार दोनशे.
नवरदेवांचे फोन येतात,
नवरी थोडी गोरी करा ना भाऊ.
ते बघणार तडकलेल्या मोबाईलवर, भर उन्हात;
तिथे सगळ्या हळदी सारख्याच.
तरी मी पिवळ्यापाशी अर्धा तास थांबतो.
त्या अर्ध्या तासाचं बिल
कुणाच्या नावाने फाडावं, कळत नाही.

लेथ थांबला की गुणवंत विचारतो,
"म्हैस काय म्हणते?"
"दूध देते," मी सांगतो.
"पातळ हाय."