जलदाब चाचणी

रबाळ्याला, एमआयडीसीच्या आतल्या गल्लीत,
बिस्किटांचा वास जिथे संपतो
आणि ॲसिडचा सुरू होतो, तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये
मी रिक्षांच्या सीएनजी टाक्या तपासते.
तीन वर्षांनी एकेक परत येते,
खांद्यावर जुन्या तारखा ठोकलेली.

पहिल्या दिवशी मी विचारलं होतं,
टाकी गॅसची, मग आत पाणी कशाला?
हिराजी भोईर हसले नाहीत.
सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा ठेवून
दट्ट्या माझ्या हाती दिला. दाब.
अर्ध्यावर गेला, रडतखडत आणखी थोडा,
आणि सोडताच थाडकन मागे.
मग पंप बादलीत बुडवून भरला. आता दाब.
मी दोन्ही हातांनी, सगळ्या वजनानिशी.
त्यांच्या अंगठ्याच्या कडेने एक थेंब निसटला, तेवढाच.

"वारा दाबून घेतो गो बाय, पन इसरत नाय.
फुटला का सगला हिशेब एकदम मागतो.
पानी दाबूनच घेत नाय,
त्याच्याकडं परत द्यायला काय नसतं."

गेल्या मार्गशीर्षात एक टाकी गेली.
काटा तीनशेच्या वर चढत असताना
कुणी खडा चावावा तसा आवाज.
काटा शून्यावर,
बाहेरच्या पिंपातलं पाणी काठावरून सांडलं
आणि माझ्या चपला भिजल्या.
एवढंच.
आत हवा असती तर चपला कुणाच्या,
हे ओळखायला माणसं बोलवावी लागली असती.
हिराजींनी फडक्याने लादी पुसली,
दोन चहा सांगितले, एक बिनसाखरेचा.

मी नंतर वाचलं की पाणीही दाबलं जातं थोडं.
फार खोल समुद्राच्या तळाशी
शंभरातले चार-पाच भाग निमूट गिळतं.
त्यांना सांगितलं तर म्हणाले, असंल.
आपल्या खाडीला तेवढी खोली नाय.

आणि घट्ट वस्तू, काका? दगड, लोखंड, माती?
यावर ते बराच वेळ दाराबाहेर बघत राहिले,
घणसोलीच्या बाजूला, टॉवरांकडे.
"बापाची जमीन व्हती. वर भात, खाली मिठागर.
शहर आला, तवा दाबून
साडेबारा टक्के झाली."
काट्यावरचा आकडा वाचावा
तशाच आवाजात बोलले
आणि पुढची टाकी ढकलत आणली.

पोलादाचं मला रोज दिसतं ते असं:
दाब चढतो तशी टाकी फुगते, डोळ्याला कळणार नाही इतकी.
पिंपातलं पाणी ढकललं जातं,
काचेच्या नळीत एकेक रेघ वर सरकतं.
दाब सोडला की खाली येतं.
बहुतेक खाली येतं.
जेवढी फुगली त्याच्या दहाव्या हिश्शाहून
जास्त फुगवटा अंगात राहिला, तर टाकी बाद,
करवतीखाली.
कमी राहिला तर मी हातोडी घेते,
नवा महिना, नवं वर्ष ठोकते.
अगदी काही न राहिलेली टाकी
नऊ वर्षांत एखाददुसरीच पाहिली असेल,
तेव्हा मी नळी पुन्हा तपासली होती.

शनिवारी हिराजी निवृत्त झाले.
शाल, नारळ, मालकाचं भाषण;
त्यांनी भाषण केलं नाही.
पंप माझ्या टेबलावर ठेवला आणि
छत्री विसरून गेले.

आज सकाळी इम्तियाज शेख, दिव्याचा रिक्षावाला,
टाकी खांद्यावरून उतरवत म्हणाला,
चाचा दिसत नाहीत?
बसा, म्हटलं, पाणी भरायला वेळ लागतो.
नळ सोडला.
तो भरेपर्यंत सहज
पंपाच्या तोंडावर अंगठा दाबला, दट्ट्या रेटला.
अर्ध्यावर गेला, आणखी थोडा,
आणि मग आतून कुणीतरी
मला परत रेटू लागलं.