बिजागऱ्या नसलेलं दार

एत्येकच्या टेकडीवर जानेवारीत
द्राक्षांचे वेल नुसत्या काड्या होऊन उभे असतात,
आणि खाली, चार नंबरच्या शेडमध्ये,
आम्ही मिठाची खाण बांधतोय.
थर्माकोल, प्लास्टर, वरून खरं मीठ, तीन टन.
हातांच्या भेगांत शिरतं, रात्रभर चुरचुरतं.

दिग्दर्शक वेल्सचा. एमरिस. माणूस वाईट नाही.
बोग्लार्का त्याच्या जिभेवर बसत नाही, म्हणून मला बो म्हणतो.
हातात कायम चाळीस पानांचा सारांश,
सहायकाने करून दिलेला, पिवळ्या रेघा मारलेला:
मुकी मुलगी. कंदील. सात मजले खाली. शेवटी राक्षस.
खेळ त्याने खेळलेला नाही.
‘मुलाकडे आहे,’ म्हणतो, ‘पाहिलाय, मागून जाताना.’

पटकथेत, पान एकसष्टवर,
तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडतं.

दार मी केलं. ओकच्या फळ्या, लोखंडी पट्ट्या,
कुलपाभोवती गंज, रंगाचाच, तीन हात देऊन.
बिजागऱ्या तेवढ्या लावल्या नाहीत.

‘विसरलीस?’
‘नाही.’
‘मग हे उघडणार कसं?’
‘ते उघडत नाही.’
तो हसला. ‘सिनेमात उघडतं, बो.’

आता काय सांगू त्याला.
की अकरा वर्षांची मी आणि नऊचा झोंबोर,
मिश्कोल्त्सला, पाचव्या मजल्यावर, दोघांत एक कंट्रोलर,
काडी त्याच्या अंगठ्याखाली, बटणं माझ्या,
महिनाभर त्या दाराला धडका देत होतो.
तेल संपायचं, अंधारात एक पाऊल टाकलं की मुलगी मरायची,
पुन्हा वरून सुरुवात.
एका रात्री आईने जेवायला हाक मारली.
कंट्रोलर तसाच गालिच्यावर टाकून गेलो.
बटाट्याचा लाल रस्सा होता, पाव पुसून खाल्ला.
परत आलो तर कंदील विझलेला, पडदा काळाठिक्कर,
आणि आतून कुणीतरी
दोनदा ठोठावलं.
मग बराच वेळ काही नाही.
मग एकदा.

झोंबोरने माझा दंड धरला होता.
नखांचे वळ दोन दिवस राहिले.
हे कुठल्या पिवळ्या रेघेखाली बसेल?
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, म्हणतात,
आणि हा तर आडाचा फोटो पाहून
पोहरा सोडतोय.

भांडले नाही मी. शनिवारी निघताना
त्याच्या कॅराव्हॅनच्या पायरीवर जुनं यंत्र ठेवलं,
वायरींना रबरबँड, कंट्रोलरला चिकटपट्टी,
चिठ्ठीत एक ओळ: तिसऱ्या मजल्यापर्यंत जा.

सोमवारी रखवालदार काल्मान म्हणाला,
दोन्ही रात्री आतून शिव्या येत होत्या,
भाषा कुठली देव जाणे, पण शिव्याच,
आणि काल तीनच्या सुमाराला एकदम शांत.
‘झोप लागली असेल.’
हो, म्हटलं. तशीच लागते.

मंगळवारी मी दाराच्या मागल्या बाजूला होते,
फळीला पॉलिशकागद घासत.
पलीकडून
दोनदा.
हात थांबला. कुणीतरी कॉम्प्रेसर बंद केला,
की तो आधीच बंद होता, आठवत नाही.
बराच वेळ काही नाही.
मग एकदा.

तो समोर आला नाही. पावलं करकरत गेली मिठावरून.
जेवणाच्या सुट्टीत पान एकसष्ट बदलून आलं,
निळ्या कागदावर, जवळजवळ कोरं.

पुढचं मला ठाऊक नाही.
गुरुवारी निर्माते येणार आहेत,
त्यांना राक्षस अजून मोठा हवाय म्हणे.
बिजागऱ्या माझ्या खणात आहेत, चार, तेल लावलेल्या.
मागितल्या तर द्याव्या लागतील, पगार त्याचाच आहे.

झोंबोरला मात्र दाराचा फोटो पाठवला.
आईचं घर विकल्यापासून बोलत नाही तो,
रॉटरडॅमला क्रेन चालवतो.
दोन निळ्या खुणा आल्या.
मग बराच वेळ काही नाही.