ठिपका

हनुवटी इथे टेका, कपाळ पट्टीला लावा
आणि फक्त ठिपक्याकडे बघा.
डोकं हलवायचं नाही.
पापणी लवली तर चालेल, सिनिक्का म्हणते,
तेवढी डोळेझाक यंत्राला कळते.

औलू शहरात दुपारचे तीन.
बाहेर अंधार केव्हाच पडलेला,
काचेला गोठत्या नदीचा गारठा.
काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका
डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे,
कसलीच घाई नसल्यासारखा.

तैस्तो, माझा भाऊ, त्याच्यामागे जातो.
म्हणजे जायला निघतो.
ठिपका सरकतो, नजर मागे राहते,
मग एकदम उडी.
पुन्हा मागे, पुन्हा उडी,
अंधारात जिना उतरताना
शेवटची पायरी चुकावी तशी.

हाच तैस्तो एप्रिलमध्ये
लिमिंकाच्या खाडीवर, लाकडी मनोऱ्यात,
क्रौंच मोजायचा.
शेकडो पक्षी, दुर्बिणीशिवाय,
एकही दोनदा नाही.
माझं बोट धरून आभाळावर रेघ ओढायचा:
हा. आता हा.
मला नुसते ढग दिसायचे.

चोविसाव्या वर्षी दोन दिवस तो मनोऱ्यावरून उतरलाच नाही.
पक्षी आपल्याला मोजतायत, म्हणाला.
खाली आई, हातात कॉफीचा थर्मास.
पुढची सोळा वर्षं
तिनं डोळ्यांत तेल घालून त्याला जपलं
आणि गावाची नजर चुकवली.

सिनिक्का कागद पुढे करते.
ठिपक्याची रेघ, तलम लाट.
तिच्यावर तैस्तोची रेघ, कुणी पायऱ्या खोदल्यासारखी.
हे निदान नाही, ती सांगते, नुसतं माप आहे.
बुटाच्या मापावरून चाल कळत नाही.
मी मान डोलावते.
तैस्तो बुटांकडे बघतो.

तुलनेसाठी घरातलं निरोगी माणूस हवं होतं,
म्हणून मी.
मी लोकांचे करांचे हिशेब करते, दहाला झोपते,
मला कधी कुणाचे आवाज आले नाहीत.
हनुवटी टेकली.
ठिपक्याला मी क्षणभरही सोडलं नाही,
शपथेवर सांगितलं असतं.

माझ्याही रेघेत पायऱ्या.
बुटक्या, पण पायऱ्या.

रक्ताच्या नात्यात दिसतं असं, सिनिक्का म्हणाली,
त्याचा अर्थ काही होईलच असा नाही.
हे तिनं जरा भरभर सांगितलं.
आई आता नाही.
तिच्या डोळ्यांचं माप कुणी घेतलं नाही.
थर्मास घेऊन उभी असताना
तिची नजर किती वेळा अडखळली असेल,
कोणत्या कागदावर आहे ते?

गाडीत तैस्तोनं दोन्ही कागद मागून घेतले,
एकावर एक ठेवून
आतल्या दिव्यासमोर धरले.
मग माझं बोट धरलं
आणि दोन्ही रेघांवरून हळूहळू नेलं.
इथे मी थांबलो. इथे तू.
हा, आता हा.

काचेवरचा बर्फ खरवडून झाला होता.
तरी मी किल्ली फिरवली नाही.